कोरी पट्टी

लेव्हलला लेव्हल हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने चुकीचं ठेवलं नव्हतं. वीस वर्षं त्याने रस्त्याच्या कामावर ग्रेडर चालवला होता. दोरी नाही, ओळंबा नाही, नुसत्या डोळ्याने तो खडीची भर अशी सपाट करायचा की वर बादलीभर पाणी ओतलं तर कुणीकडे जावं ते पाण्याला कळायचं नाही. ही खोड हातापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण ती डोक्यातही शिरली होती. दुसऱ्याच्या घरी कॅलेंडर तिरकं दिसलं की हा बोलता बोलता उठून सरळ करायचा. एक चहा दोघांत करायचा तर दोन्ही कप डोळ्यांसमोर धरून पाहायचा. "अरे, घोटभर कमी पडला तर कोण मरतंय?" असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "मरत नाही कुणी. पण ज्याला कमी मिळतं ना, त्याला कळतं."

अशा माणसाच्या हातात एकच काम द्यायला नको होतं, आणि नेमकं तेच त्याला मिळालं.

रस्त्याचं काम संपून तो दोन वर्षं घरी बसला होता, तेव्हा कंपनी आली. डोंगराजवळची जुनी खाण तिने घेतली. खाणीतला काळा दगड पिठासारखा बारीक दळायचा आणि शेतांत पसरायचा, एवढंच काम. मातीतल्या ओलाव्यात त्या पिठाची आणि हवेतल्या कार्बनची गाठ पडते, कार्बन त्यात अडकतो, पाण्याबरोबर वाहून जातो आणि हजारो वर्षं परत हवेत येत नाही, असं साहेबांनी पहिल्या सभेत समजावून सांगितलं. साहेब म्हणजे कंपनीचे इथले व्यवस्थापक. पायांत महागडे बूट, पण धुळीने कायम माखलेले, त्यामुळे लोकांना ते आपले वाटायचे. लांबलांबच्या ज्या कंपन्या धूर सोडतात त्या हा अडकलेला कार्बन टनावर विकत घेणार होत्या.

"म्हणजे घाण त्यांनी करायची आणि झाडू आपण मारायचा?" न्हाव्याने उभं राहून विचारलं.

"हो. पण झाडू मारायचा पगार आहे," साहेब म्हणाले, आणि सगळी सभा हसली. न्हावी सगळ्यांत मोठ्याने हसला.

सध्या गिरणी एकच, चाचणीपुरती. दोन हंगामांनी चाचणी उतरली की अशा बारा गिरण्या, चारशे माणसं आणि खाणीपर्यंत रेल्वेचा फाटा. हे साहेबांनी 'उतरली तर' म्हणून सांगितलं होतं, लोकांनी 'तर' तेवढा सभेतच ठेवून बाकीचं घरी नेलं. न्हाव्याने दोन नव्या खुर्च्या मागवल्या. कुणी भाड्याच्या खोल्यांचा पाया खणला. बाजारात तुरी, पण घरोघरी फोडणीचा वास सुटला होता.

लेव्हलला पसरणी मिळाली. पसरणी म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली मोठी ट्रॉली, तिच्या बुडाशी फिरती तबकडी, ती पीठ उडवत जाते. आणि त्याच्या पोरीला मिळाली नमुन्यांची खोली. पोरगी रसायनशास्त्र शिकलेली, एकुलती एक, आई लहानपणीच गेलेली. शेतात नळी ठोकून माती काढायची, पिशवीत भरायची, गाठ मारून चिठ्ठी लावायची आणि खोलीतल्या यंत्रांवर तपासायची, हे तिचं काम. बारा गिरण्या झाल्या की मोठी प्रयोगशाळा होणार आणि ती तिच्या हाताखाली येणार, हे साहेबांनी चार माणसांत सांगितलं होतं.

पहिल्याच आठवड्यात तिने बापाची परीक्षा घेतली. शेतात पत्र्याची नऊ चौकोनी ताटं मांडली, तीन ओळींत तीन तीन. लेव्हल पसरणी घेऊन वरून गेला. मग तिने एकेक ताट उचलून त्यात पडलेलं पीठ काट्यावर तोललं. नऊ ताटांत चमच्याचाही फरक नव्हता. साहेबांनी तो कागद पाहुण्यांना दाखवायला भिंतीवर लावला. कागद तिरका लागला होता, तो लेव्हलने सरळ केला.

चाचणीसाठी उतारावरच्या चाळीस पट्ट्या निवडल्या. पट्टी फार मोठी नाही, पंचवीस पावलं रुंद आणि ऐंशी लांब. त्यांपैकी एकोणचाळीस पट्ट्यांवर पीठ पडणार आणि एक कोरी राहणार, म्हणजे शेवटी तुलना करता येईल. एखाद्या शहाण्या कंपनीने चार-पाच तरी कोऱ्या ठेवल्या असत्या. हिने एकच ठेवली, कारण कोऱ्या पट्टीतून विकायला काहीच निघत नव्हतं. कोणती कोरी ठेवायची ते संगणकाने चिठ्ठी काढावी तसं काढलं, आणि चिठ्ठी निघाली लेव्हलच्या ताईची.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आईबाप गेल्यावर तिने त्याला वाढवलं, आणि त्याची बायको गेल्यावर त्याच्या पोरीलाही. तिचं स्वतःचं असं त्या पट्टीशिवाय काही नव्हतं. पट्टी कोरी ठेवण्याचं भाडं तिला मिळायचं होतं, कागदावर तिने सहीही केली. पण मक्याला कोंब फुटले आणि ती बांधावर उभी राहिली तेव्हा डावीउजवीकडची शेतं पीठ पडून राखाडी झाली होती आणि मधोमध तिचं एकटीचं काळं राहिलं होतं. शेजारणी विचारू लागल्या, "काय हो, तुमच्यापर्यंत येईस्तोवर पीठ संपलं वाटतं?"

ताई भावाकडे आली ती चप्पल न काढताच बोलू लागली. "वाढपी घरचा असला तर शेवटच्या पंगतीतही पोट भरतं म्हणतात. इथे वाढपी माझा सख्खा भाऊ, आणि माझंच पान कोरडं."

"ताई, तो नियम आहे. तुलनेसाठी लागते तशी एक पट्टी."

"तुलना करायला माझंच शेत उपाशी ठेवायचं? एवढ्या चाळीस जणांत मीच दिसले?"

"चिठ्ठी निघाली गं."

"निघू दे. मी तुला दोन घास देताना चिठ्ठ्या काढल्या नव्हत्या."

  खरं सांगायचं तर लेव्हल ताईच्या बोलण्याने हलला असं नाही. त्याला ते आधीपासूनच सलत होतं. रोज पसरणी घेऊन जाताना एकोणचाळीस सारख्या पट्ट्या आणि मध्ये तो एक काळा चट्टा. त्याला ते बघवत नव्हतं. साहेबांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं, "इथे तुमची गाडी जाता कामा नये." ठीक आहे, लेव्हलने स्वतःची समजूत घातली, गाडी जाणार नाही. चाळिसांत एकाने काय फरक पडतोय? माणसाला जे करायचं असतं त्याला कारणं आपोआप सुचतात.

ट्रॉलीच्या तळाशी पीठ चिकटून राहायचं. ते झाडून काढणं त्याचंच काम होतं आणि ते अंगणात टाका नाहीतर फेका, असं साहेबांनीच म्हटलं होतं. ते त्याने पोत्यांत साठवलं. तीन सुट्ट्या दोघं भावंडं त्या पट्टीत राबली. त्याने दोऱ्या लावून अडीचशे चौकोन पाडले, चौकोनाला एक बादली. ताई बादल्या भरून आणून द्यायची आणि तो मोठ्या चाळणीतून पीठ झाडत उलटा चालत जायचा, दोन पावलं, झटका, दोन पावलं, झटका. तिसऱ्या सुट्टीला संध्याकाळी त्याने बांधावर उभं राहून पाहिलं. चाळीसच्या चाळीस पट्ट्या सारख्या दिसत होत्या. त्याला बरं वाटलं. त्यानंतर हलका शिडकावा झाला, पीठ मातीत बसलं, आणि इथली माती मुळात त्याच काळ्या दगडाची झीज असल्यामुळे कुठलं पीठ आणि कुठली माती हे कुणालाच सांगता आलं नसतं. पोरगी त्या महिन्यात प्रशिक्षणाला बाहेरगावी होती.

दोन हंगाम गेले. तपासनीस बाई आल्या. त्या कंपनीच्या नव्हत्या. कार्बन विकत घेणाऱ्यांनी, खरोखर किती अडकला ते पाहायला त्यांना नेमलं होतं. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि चहा विचारला तर स्वतःची पाण्याची बाटली दाखवणाऱ्या. चार दिवस त्या पोरीच्या खोलीत बसून आकडे पाहत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी साहेबांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

एकोणचाळीस पट्ट्यांत बदल झाला होता, हवा तसा, हवा तेवढा. पण कोऱ्या पट्टीतही तेवढाच झाला होता.

आता याचे दोनच अर्थ निघत होते. एक, हे पिठाने झालेलंच नाही, दोन वर्षं पाणी बरं झालं म्हणून सगळीकडे आपोआप झालं. म्हणजे दगडाचं पीठ म्हणजे नुसतं पीठ, आणि बारा गिरण्या बोंबलल्या. दुसरा अर्थ असा, की नमुन्यांच्या पिशव्यांची अदलाबदल झाली आणि कोरी म्हणून जी माती तपासली ती कोरीची नव्हतीच. दुसरा अर्थ सगळ्यांच्या सोयीचा होता. सोयीच्या गोष्टीला लोक लवकर पुरावा शोधतात. दुसऱ्याच दिवशी पोरीकडून खोलीची किल्ली काढून घेतली.

तिसराही अर्थ होता. तो दोन माणसांना ठाऊक होता.

लेव्हल त्या दिवशी तडक ताईकडे गेला. ताई मोरीत भांडी घासत होती. तिने सगळं ऐकलं आणि हात न थांबवता म्हणाली, "कागदावर काय लिहिलंय माहिती आहे? पट्टीत काही टाकलं तर कंपनी कोर्टात जाईल. मी सही केलीय."

"पण ताई, पोरीवर आळ आलाय."

"पोरगी तरुण आहे, शिकलेली आहे. तिला शंभर कामं मिळतील. या वयात कोर्टाची पायरी मी चढू का?" मग तिने नळ बंद केला आणि त्याच्याकडे पाहिलं. "तू मला तोंडावर पाडणार असशील तर आत्ताच सांग."

"नाही पाडणार," तो म्हणाला. तिच्यासमोर तो अजूनही आठ वर्षांचा होता.

मग सुरू झाले ते तीन आठवडे. सांगावं तर ताई जाते, न सांगावं तर पोरगी जाते. लेव्हल रोज ठरवायचा की उद्या साहेबांना गाठायचं, आणि रोज त्याला पसरणीचा एखादा नट आवळायचा राहिलेला आठवायचा. दरम्यान साहेबांनी तोडगा काढला. पोरीने एका कागदावर सही करायची, 'माझ्या हातून पिशव्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे.' बस्स. मग ही चाचणी बाद, नवी चाचणी मंजूर, कोऱ्या पट्ट्या यावेळी पाच, आणि बारा गिरण्यांचा विचार पुन्हा दोन वर्षांनी. पोरीची नोकरी जाणार, पण तेवढीच.

पोरगी म्हणाली, "झालेली नाही, तर सही कशी करू?"

हे बाजारात कळायला तासही लागला नाही. चारशे नोकऱ्या एका मुलीच्या सहीपाशी अडल्या आहेत म्हटल्यावर काय होणार? ज्यांनी खोल्यांचे पाये खणले होते ते तिला पाहून पलीकडच्या बाजूने जायला लागले. न्हावी दुकानाच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाईसाहेब, एक सही! शाई आमची घ्या हवं तर." बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. त्यातल्या कुणाला पोरीचा राग होता असं नाही. त्यांना त्यांच्या खुर्च्यांची आणि खोल्यांची काळजी होती, आणि पोरगी मध्ये आली होती.

सहीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी तिघं जेवायला बसली होती. ताईने स्वयंपाक केला होता. ताट वाढता वाढता ती पोरीला म्हणाली, "कर गं सही. नाहीतरी चूक माणसाकडूनच होते."

"माझ्याकडून झाली नाही, आत्या. नऊ ठिकाणी नळी मी ठोकली, नऊ पिशव्या मी भरल्या. गाठीसुद्धा मीच मारल्यात."

"एवढा कशाला ताठा?"

पोरीने बापाकडे पाहिलं. त्या पाहण्यात एकच प्रश्न होता, आणि लेव्हलला तो कळला. खरं सांगायची जागा हीच होती, वेळही हीच होती. समोर ताई, शेजारी पोरगी. त्याने घास खाली ठेवला आणि म्हणाला, "कर ना, बाळ. काय जातंय?"

 पोरीने पानातलं सगळं संपवलं, ताट घासून पालथं घातलं आणि आपल्या खोलीत गेली.

त्यावर लेव्हलला स्वतःची शिसारी आली. हे असं सरळच सांगितलेलं बरं. उष्टा हात तसाच वाळेपर्यंत तो पाटावर बसून राहिला. सकाळी तोंड धुऊन तो ऑफिसात गेला, साहेबांच्या केबिनचं दार न वाजवता उघडलं. आत साहेब आणि तपासनीस बाई, दोघंही होती.

"मॅडम, ती पट्टी कोरी नाही. मी पीठ टाकलंय तिच्यावर."

बाईंनी संगणक त्याच्याकडे वळवला. पसरणीवर बसवलेल्या यंत्रामुळे गाडी कुठून कुठे गेली ते नकाशावर उमटायचं. "तुमची गाडी तिथे गेलेलीच नाही."

"गाडीने नाही. हाताने. चाळणीने."

"किती?"

"अडीचशे बादल्या. तीन सुट्ट्या लागल्या."

"बरोबर कोण होतं?"

 आठ वर्षांच्या मुलाने दिलेला शब्द मोडणं पन्नाशीच्या माणसाला जमलं नाही. "कुणी नाही," तो म्हणाला. "एकटाच होतो."

बाईंनी एक कागद काढला. त्यांचा स्वर मुळीच रागीट नव्हता, आणि तेच वाईट होतं. "हे पाहा. त्या पट्टीतल्या नऊ ठिकाणचे आकडे. नऊही जवळजवळ सारखे. हाताने टाकलं असतं तर इथे जास्त, तिथे कमी, असं दिसलं असतं. हाताने इतकं सारखं कुणी टाकूच शकत नाही. त्यातून एकट्याने, बादल्या वाहून आणत."

"मी टाकतो, मॅडम. मला येतं. विचारा कुणालाही. बाहेर चला, आत्ता दाखवतो."

"तुमची मुलगी आहे ना ती?" बाई हळूच म्हणाल्या. "मी समजू शकते."

आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता, तीच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली होती. साहेबांनी पोरीला आत बोलावलं आणि बाप काय म्हणतोय ते तिला सांगितलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग मऊ झाला. तिने त्याचा दंड धरला.

"बाबा, पुरे. माझ्यासाठी खोटं नका बोलू. मी खोटी सही करणार नाही, आणि तुमच्या खोट्यावर सुटणारही नाही." मग ती बाईंकडे वळली. "नमुने बरोबर आहेत. आकडे बरोबर आहेत. तसंच लिहा."

"अगं, मी खरंच..."

"चला घरी," ती म्हणाली, आणि त्याला लहान मुलासारखं हाताला धरून बाहेर घेऊन आली.

बाईंनी तसंच लिहिलं. महिन्याभरात वरून पत्र आलं की इथली माती या कामाला योग्य नाही, गिरण्या दुसरीकडे उभारल्या जातील. साहेब गाडीत सामान भरत होते तेव्हा लेव्हलने त्यांना एकट्याला गाठलं.

"साहेब, तुम्हाला तरी पटतंय का?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "तुम्ही टाकलंही असेल, लेव्हल. पण मी वर काय सांगू? माती वाईट निघाली तर लोक नशीब म्हणतात आणि पुढे जातात. माणूस वाईट निघाला तर चौकशी लागते, आमच्या बाकीच्या सगळ्या पट्ट्यांची, सगळ्या देशांतल्या. माती काही बोलायला येत नाही. तिच्या माथी मारलेलं बरं." मग त्यांनी लेव्हलशी हात मिळवला आणि गेले. बूट तेवढे पुसलेले होते.

न्हाव्याच्या दोन खुर्च्या कागद न काढता तशाच भिंतीला लावून ठेवलेल्या आहेत. लोकांना पत्रातलं मातीचं पटलं नाही. माती आपली कशी वाईट असेल? पोरीने सही केली नाही म्हणून गेलं सगळं, असंच सगळे म्हणतात. तिला शंभर कामं मिळणार होती, त्यातलं एकही इथे मिळालं नाही, आणि बाहेर जिथे अर्ज केला तिथे 'त्या चाचणीवाल्या तुम्हीच का' असं विचारलं गेलं. शेवटी एका लांबच्या शहरात पाणी तपासायच्या कचेरीत तिला जागा मिळाली, शिकाऊ म्हणून.

जायच्या आधी ती सरकारी पंचनाम्यासारखी यादी घेऊन खाणीच्या आवारात आली. कंपनीचं सामान परत करायचं होतं. काटा, नळ्या, नऊ ताटं. भर दुपार होती. गिरणीचे पट्टे सोडवून ट्रकवर चढवण्याचं काम चाललं होतं. आवाराच्या कोपऱ्यात पिठाचा एक ढीग शिल्लक होता आणि लेव्हल शेवटच्या दिवसाच्या मजुरीवर तो फावड्याने सपाट करत होता. घरात दोन महिने त्यांचं मिठाचं, चहाचं, दाराच्या कडीचं एवढंच बोलणं होत होतं. पण पोरगी त्याच्याशी वाईट वागत नव्हती. उलट पूर्वीपेक्षा मायेने वागत होती, आणि ती माया त्याला खात होती.

"ताटं मांड," तो म्हणाला.

"कशाला?"

"मांड म्हणतो ना."

"बाबा, संपलंय आता सगळं."

"मग मांडायला काय हरकत आहे?"

त्याच्या समाधानासाठी तिने मांडली. तीन ओळींत तीन तीन, नेहमीच्या अंतराने. त्याने शेडमधून आपली जुनी चाळण आणली, चार खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या. बादली भरून घेतली आणि उलटा चालायला लागला. दोन पावलं, झटका. दोन पावलं, झटका. पाठ दुखत होती, हात मात्र दुखत नव्हते. ट्रकवरचे दोघं थांबून पाहू लागले, मग पुन्हा आपल्या कामाला लागले.

पोरीने पहिलं ताट काट्यावर ठेवलं. "एकशे ऐंशी." दुसरं. "एकशे एकोणऐंशी." सवयीने ती वहीत लिहीत होती. "एकशे ऐंशी. एकशे एक्क्याऐंशी. एकशे ऐंशी." पाचव्या ताटानंतर ती मोठ्याने सांगायची थांबली. काटा शून्यावर आणून तिने पहिलं ताट परत तोललं. मग उरलेली चार तोलली आणि वही मिटली.

ती उकिडवी बसली. मग म्हणाली, "याला दोन माणसं लागतात. बादल्या भरून द्यायला एक."

"आत्या होती."

तिने मान डोलावली. लेव्हलच्या छातीवरून दोन महिन्यांचं ओझं उतरलं. किती मूर्ख असावं माणसाने! तो चक्क हसला. "पटलं ना? ती मॅडम म्हणत होती, कुणी टाकूच शकत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"पहिल्या दिवसापासून. माझी किल्ली घेतली तेव्हापासून."

"हो गं. मी रोज ठरवत होतो की..."

"त्या दिवशी जेवताना तुम्ही मला सही करायला सांगितलंत," ती म्हणाली. "तेव्हाही माहीत होतं."

 ती उठली. एकेक ताट तिने ढिगावर उलटं केलं, फडक्याने पुसलं, एकावर एक रचलं. नऊ मोजली.

"मी सगळ्यांना सांगत होते," पाठमोरीच ती म्हणाली, "की माझे बाबा उभ्या आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही माझ्यासाठी."

ताटं काखेत घेऊन ती ऑफिसकडे गेली. जिथे ताटं मांडली होती तिथे जमिनीवर नऊ काळे चौकोन उरले होते आणि बाकी सगळं राखाडी, एकसारखं. बादलीत पसाभर पीठ शिल्लक होतं. लेव्हलचा हात सवयीने तिकडे गेला, आणि त्याने तो मागे घेतला. ती बाहेर आली की चुकलो एवढं सांगायचं म्हणून तो चाळण धरून तिथेच उभा राहिला. ट्रक भरून निघून गेला तरी ती आली नाही, तेव्हा त्याने आत जाऊन विचारलं. कारकून म्हणाला, ती मघाशीच मागच्या दाराने बस पकडायला गेली.